कुजक्या शेवाळाची तक्रार

आत्याने ट्रॅक्टरच्या चाकासमोर दाताळं वाळूत रोवलं आणि कुजलेल्या समुद्रशेवाळाच्या ढिगावर खुशाल बैठक मारली. ट्रॅक्टर चालवणारा तिचा सख्खा भाचा. त्याने इंजिन बंद केलं.

"आत्या, ऊठ. माझी नोकरी जाईल."

"माझी जाऊन दोन वर्षं झाली."

तीस वर्षं तिने याच वाळूतून शिंपल्या वेचून घर चालवलं होतं. दोन वर्षांपूर्वी दर सोमवारी शेवाळ उचलून किनारा लख्ख करायला सुरुवात झाली, आणि तिची टोपली रिकामी यायला लागली. लख्ख वाळू काय चाटायची आहे?

किनारा-सफाईचा मुकादम नाकाला रुमाल लावून आला.

"बाई, लोकांना वासाचा त्रास होतो."

"आत हात घाला."

त्याने नाइलाजाने बोटं खुपसली आणि झटकन मागे घेतली. ढीग आतून गरम होता.

"माझी लेक प्रयोगशाळेत आहे. याच्या चिकट पाण्याचा एक थेंब तिने मला काचेखाली दाखवला," आत्या म्हणाली. "मुंगी शिरायला जागा नाही, इतके जीव वळवळत होते. ते हे कुजवतात, यातलं खत भरतीच्या पाण्याला देतात. त्यावर पाण्यात बारीक हिरवळ वाढते, ती शिंपल्यांच्या पोटात जाते. तुम्ही दर आठवड्याला त्यांच्या पुढ्यातलं ताट ओढता."

मुकादमाने हातातली फाइल उघडली.

"आम्हाला काय हौस आहे? तीन पानी लेखी तक्रार आहे. ती मागे घेतली, तर ट्रॅक्टर आत्ता परत नेतो."

"कोणाची तक्रार?" भाच्याने विचारलं.

मुकादम आत्याकडे बघत राहिला.

"माझी," ती म्हणाली. "तेव्हा उचलली जीभ, लावली टाळ्याला. आण तो पेन."

भाचा खाली उतरला आणि खिशातला पेन त्याने तिच्या हातात दिला. लाजेने तिचे कान तापले होते, पण मान ताठ होती. तिने फाइलमधला कोरा कागद गुडघ्यावर टेकवला.

"वास आता येत नाही, असं लिहा," मुकादमाने सुचवलं. "प्रकरण लवकर मिटेल."

"खोटं कशाला लिहू?"

तिने लिहिलं : वास येतो. मला आजही सोसत नाही. चूक माझी होती. शेवाळ इथेच राहू द्या.

खाली सही केली, पहिल्या सहीहून मोठी.