डुकरिणीचं बाळंतपण

हैदराबादच्या पोलिस ॲक्शननंतरच्या पहिल्या मे महिन्यात माझ्यावर दोन बाळंतिणी येऊन पडल्या. शहरात कोठी भागातल्या घरी माझी लेक भारती, आणि तारनाक्यापलीकडच्या सरकारी फार्मवर एक विलायती डुकरीण. मी जनावरांच्या खात्यातला साधा कारकून. सरकार बदललं, जनावरांचे डॉक्टर गाव सोडून गेले आणि ही ब्याद माझ्या गळ्यात आली. इकडे नातवाला दूध पुरत नव्हतं, तिकडे पिल्लांना.

बाळंतिणीला ऊब द्यायची, एवढंच मला ठाऊक. माझ्या बायकोने, सुशीलाने, भारतीची खोली बंद करून खाटेखाली शेगडी ठेवली होती. पाणीसुद्धा बेतानेच. मी तोच थाट फार्मवर मांडला. दाराला गोणपाट, कोपऱ्यात शेगडी. डुकरीण धापा टाकू लागली, तिने खाणं सोडलं, दूध आटलं.

मी घाबरलो. दुसऱ्या दिवशी शेगडी काढली आणि चारी बाजूंनी वाळ्याचे पडदे लावून भिजवले. ती खाऊ लागली, पण पिल्लं कुडकुडायला लागली. ऐन मेमध्ये! ऊब शोधत ती आईच्या पोटाखाली शिरली. डुकरीण कुशीवर वळली तेव्हा एक चिरडता चिरडता वाचलं.

माझं डोकंच चालेना. आईला गार करावं तर पिल्लं गारठतात, पिल्लांना ऊब द्यावी तर आई भाजते. एका छपराखाली दोन ऋतू आणायचे कुठून? शेवटी वैतागून पडदे काढले, डुकरिणीच्या मानेवर ओलं फडकं टाकलं आणि पिल्लांना कोपऱ्यात पुन्हा पेटवलेल्या शेगडीजवळ गवताच्या खोक्यात ठेवलं. संध्याकाळी ती आडवी झाली. पिल्लं धावली, पोटभर प्याली आणि आपली आपण खोक्यात परतली. मी बघतच राहिलो.

घरी येऊन आंघोळ केली आणि भारतीच्या खोलीचं दार उघडलं. आतून भट्टीसारखी झळ आली. ती घामाने निथळत होती, बाळ रडत होतं. मी शेगडी बाहेर काढली, खिडकी उघडली, बाळाला दुपट्यात गुंडाळलं.

"अहो, डोकं फिरलं काय की तुमचं?" सुशीला ओरडली. "बाळंतिणीला वारं लागेल!"

"फार्मवर असंच केलं. दूध आलं."

"डुकरिणीशी बराबरी माझ्या लेकीची?"

खरंच, मी करत काय होतो? भारतीने मात्र तांब्याभर पाणी घटाघटा पिऊन बाळाला जवळ घेतलं.

"बाबा, उकडतंय म्हणून मी रोज रडत होते," ती म्हणाली. "त्या डुकरिणीनं असं काय सांगितलं तुम्हाला, जे मी सांगितलं नव्हतं?"