दादाने साफ केलेला लॅपटॉप

मास्तरांच्या घशातलं स्वरयंत्र काढायचं ठरलं, तेव्हा दवाखान्यात बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी त्यांना एक काम लावून दिलं. ऑपरेशनआधी जमतील तेवढी वाक्यं स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करा. पुढे त्यावरून तुमच्याच आवाजात बोलणारं ॲप बनवता येईल. मास्तर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायचे. शेजारच्या सीटवर बसून दिवसभर बोलणं हीच त्यांची नोकरी. खोलीचं दार लावून ते लॅपटॉपसमोर बसू लागले. बाईंची वाक्यं संपली की आपली पदरची घालायचे. "क्लच हळू सोडा, तो काही पळून जात नाही." दाराबाहेर बायको हातातलं काम सोडून ऐकत राहायची.

ऑपरेशन झालं. आवाज गेला. आता मास्तर फोनवर टाइप करायचे आणि फोनमधली एक बाई ते वाचून दाखवायची.

"नवरा माझा, आणि बोलते ही," बायको म्हणायची. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मास्तर हसले होते.

रेकॉर्डिंग दवाखान्यातल्या बाईंना पाठवायला घेतलं, तर लॅपटॉप जागचा हलेना. बायकोने दादाला फोन लावला.

दादा तिचा थोरला भाऊ. एका ऑफिसच्या कॉम्प्युटर विभागात त्याची उभी हयात गेलेली. बहिणीवर हे संकट आल्यापासून तो येऊन बसायचा, पण हाताला काही काम नव्हतं. फळं आणायचा, तर ती मास्तरांना गिळवत नव्हती. लॅपटॉपचं ऐकून तो लगोलग आला.

"डिस्क गच्च भरलीय," तो म्हणाला. "शिवाय डीफ्रॅग कुणी कधी केलेलंच नाही. मग रडणारच बिचारा."

मास्तर आत झोपले होते. दादाने जुने व्हिडिओ उडवले. 'आवाज' आणि 'आवाज कॉपी' अशी दोन फोल्डर दिसली, त्यातलं कॉपीचं उडवलं. लॅपटॉपमधली कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. मग ओळखीचा एक जुना प्रोग्रॅम टाकून डीफ्रॅग सुरू केलं. पडद्यावर रंगीत चौकोन सरकू लागले.

"एकाच फाइलचे तुकडे डिस्कभर पांगतात," तो बहिणीला समजावू लागला. "मग वाचणारी सुई इकडून तिकडे धावत बसते. ते तुकडे आपण एका रांगेत आणायचे." कित्येक दिवसांनी त्याचा चेहरा खुलला होता. लॅपटॉपही खरंच झरझर चालू लागला.

मास्तर उठले, लॅपटॉपपाशी बसले आणि बराच वेळ शोधत राहिले. मग त्यांनी फोन घेतला. फोनमधली बाई म्हणाली, "दुसरं फोल्डर कुठे आहे?"

"ती नुसती कॉपी होती ना, मास्तर?"

मास्तरांची बोटं चालली. "नावालाच कॉपी. सगळं काम मी त्यातच केलं. पहिल्यात फक्त पहिल्या दिवसाची चाचणी आहे." बाई हे अगदी शांतपणे म्हणाली.

दादा उठला. "पुसलेलं परत आणता येतं. ऑफिसात कितीदा आणलंय मी." लॅपटॉप काखेत मारून तो निघाला; पाठोपाठ बहीणही.

दुरुस्तीच्या दुकानातल्या मुलीने सगळं ऐकून घेतलं, लॅपटॉप उघडून तपासला.

"काका, यात फिरणारी तबकडी नाही आणि सुईही नाही. नुसत्या चिप आहेत. तुकडा कुठेही असला तरी तितक्याच वेळात सापडतो. रांग लावून मिळत काहीच नाही, उलट पुन्हा पुन्हा लिहून चिप झिजते. लागते ती देखभाल कॉम्प्युटर आपला आपणच करतो."

"मग तो जोरात कसा चालायला लागला?"

"जागा मोकळी झाली म्हणून."

"म्हणजे मी डीफ्रॅग केलं म्हणून फाइली गेल्या?"

"नाही हो. टोपली रिकामी झाली तेव्हाच गेल्या असणार. जुन्या डिस्कवर पुसलेलं बरेच दिवस तसंच पडून राहायचं. ही डिस्क रिकामी जागा लगेच खरोखरच साफ करून टाकते. तरी मी बघते."

तिने लॅपटॉप ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी गेले, तर तिने नुसती मान हलवली. पैसेही घेतले नाहीत. दादाने आणखी दोन दुकानं पालथी घातली. तिथेही तेच.

चाचणीची वाक्यं दवाखान्यातल्या बाईंना पाठवली. एवढ्याशा सामग्रीवर आवाज उभा राहत नाही, म्हणाल्या. ॲपमध्ये तयार पुरुषी आवाज होते. मास्तरांनी दोन ऐकले आणि तिसरा न ऐकताच दुसरा निवडला.

दादा यायचा बंद झाला. शेवटी बहीणच त्याच्या घरी गेली.

"मास्तर रागावलेत का?" त्याने विचारलं.

"कसं कळणार? लिहिलेलं सगळं सारखंच ऐकू येतं."

"मी येऊन करू तरी काय?"

त्याच्या चपला दारात होत्या. त्या तिने पायाने सरळ केल्या आणि तो उठेल म्हणून वाट बघत उभी राहिली.