होल्डवरचं बोलणं

उजव्या कानावरचा स्पंज पुन्हा निसटला होता... हेडफोनचा तो काळा, गोल, भुगा पडणारा स्पंज. ती तो अंगठ्याने चेपून परत खाचेत बसवत होती. एक कडा आत गेली की दुसरी बाहेर यायची. नवा मागून घ्या असं शेजारच्या टेबलावरच्या मिशाकाकांनी कितीदा तरी सांगितलं होतं, पण मागायचं म्हणजे वरच्या मजल्यावर जायचं, कुणाच्या तरी टेबलापाशी उभं राहायचं, त्याने मान वर करेपर्यंत वाट पाहायची आणि मग बोलायचं, आणि तेवढं सगळं तिच्या जिवावर येई. बोटांना लागलेला भुगा तिने रुमालाला पुसला, हेडफोन चढवला आणि कालचे कॉल उघडले.

तिचं काम ऐकायचं. वरच्या मजल्यावरची माणसं दिवसभर फ्रिज आणि वॉशिंग मशीनच्या तक्रारी फोनवर घ्यायची, आणि त्यांचं ते बोलणं दुसऱ्या दिवशी खालच्या या खोलीत बसून ती आणि मिशाकाका ऐकायचे, गुण द्यायचे. शब्द गोड होते का, आवाज चढला का, माफी वेळेवर मागितली का. माफी तर अशी मागायची की जणू फ्रिज आपणच रात्री गुपचूप जाऊन बिघडवला. मिशाकाका हे काम पेपर वाचता वाचता करत. तिला ते जमत नसे. ती डोळे मिटून ऐकायची.

आणि होल्ड यायचा... गिऱ्हाइकाला थांबायला सांगून वरचं माणूस बटण दाबायचं, गिऱ्हाइकाच्या कानात ते एकसुरी संगीत सुरू व्हायचं, आणि वरच्याला वाटायचं, चला, सुटलो, आता कुणी ऐकत नाही. पण रेकॉर्डिंग थांबत नसे. हे फोन घेणाऱ्यांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. होल्डवर माणसं जांभया द्यायची, गिऱ्हाइकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची, शेजारच्याला विचारायची, तुझ्या डब्यात काय आहे रे. एक जण होल्डवर फक्त आपलं नाक शिंकरायचा, मन लावून. आणि एक बाई होती, ती गुणगुणायची. कसलं गाणं ते कधीच कळलं नाही, बहुधा गाणं नव्हतंच, नुसता सूर. मनातल्या मनात तिने त्या बाईचं नाव गुणगुणी ठेवलं होतं. गुणगुणता गुणगुणता ती मध्येच स्वतःशी बोलायची. ‘चल बाई, सापडत नाही ना फाइल, मग नाही.’ ‘आईला डॉक्टरकडे न्यायचंय, न्यायचंय, नेशील कधी?’ एकदा ती रडली होती, होल्ड संपेपर्यंत, आणि मग ‘थांबल्याबद्दल आभारी आहे’ इतकं हसऱ्या आवाजात म्हणाली होती की ही तीच बाई का, म्हणून ऐकणारीने कॉल मागे नेऊन पाहिला.

लहानपणी गालगुंड झालं होतं तेव्हा तिला आतल्या खोलीत निजवलं होतं. बाहेर सगळं घर बोलत होतं, वडील कुणावर तरी चिडले होते, आत्या भांडी आपटत होती, आई नेहमीसारखी भाजी चिरताना त्या भाजीशीच हुज्जत घालत होती... आणि आपल्याला कुणी काही विचारत नाही, उत्तर द्यायचं नाही, तरी सगळे आहेत, एवढ्या एकाच गोष्टीने किती गाढ झोप लागली होती. तसली झोप पुन्हा लागली नाही. वडील गेले, आत्या गेली, शेवटी आई. भाऊ आहे, रविवारी फोन करतो, ‘बरी आहेस ना?’ म्हणतो आणि ती हो म्हणायच्या आत ‘बरं, ठेवतो’ म्हणतो. लग्न का केलं नाहीस, हेही आता कुणी विचारत नाही. आधी त्या प्रश्नाचा किती राग यायचा.

गेल्या महिन्यात साहेबांकडून हुकूम आला, होल्डवरच्या बोलण्यालाही गुण द्या. कंपनीविषयी कोण काय बोलतं ते वेगळं कळवा. मिशाकाका म्हणाले, ‘आपल्याला काय, सांगितलं ते करायचं.’ आणि तिनेही केलं. नाक शिंकरणाऱ्याचा बोनस गेला. मग एक दिवस गुणगुणी होल्डवर म्हणाली, ‘आई मरायला टेकली तरी सुट्टी नाही देणार हा मेला साहेब,’ आणि ऐकणारीला ते कळवावं लागलं. न कळवून चाललं असतं का? तोच कॉल मिशाकाकांकडेही तपासणीला जाणार होता... चाललं असतं. मिशाकाका पेपर वाचत होते. चाललं असतं गं, तूच भ्यायलीस.

त्या रविवारी भावाचा फोन येऊन गेल्यावर ती बसली आणि खोट्या नावाच्या खात्यावरून तिने इंटरनेटवर लिहून टाकलं. ही कंपनी होल्डवरही तुमचं ऐकते. तुम्ही रडता, ते ऐकते. तुम्ही आईविषयी बोलता, ते ऐकते आणि त्याचे गुण कापते. वाक्यं धडाधड येत गेली. इतकं बोलणं आपल्या पोटात होतं हे तिचं तिलाच नवल. संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं होतं. ओळखीचे, अनोळखी, दुसऱ्या कंपन्यांतले... सगळे आपापल्या साहेबांना धुऊन काढत होते. आणि त्या गर्दीत गुणगुणीने, कॉलवर रोज सांगते त्याच स्वतःच्या नावाने, फोटोसकट, लिहिलं होतं: ‘हे लिहिणारं माणूस भेटलं तर त्याच्या गळ्यात पडेन. आणि इतके दिवस आमचं ऐकत बसलेलं भेटलं तर त्याचं थोबाड फोडेन.’

ते तिने किती वेळा वाचलं असेल. पहिलं वाक्य वाचून उठावं, कॅन्टीनमध्ये जाऊन तिच्यासमोर उभं राहावं, म्हणावं, मी. आणि दुसरं वाक्य वाचून पुन्हा खाली बसावं. कारण दोन्ही मीच.

‘काल साहेबांनी बोलावलं होतं,’ मिशाकाका पेपर घडी करत म्हणाले. आज त्यांच्या टेबलावर चहाचे दोन कप होते. सकाळपासून वरचं कुणी ना कुणी येऊन त्यांच्या पाठीवर थाप मारून जात होतं. ‘त्यांना वाटतंय मीच लिहिलं. मी कशाला लिहितो? पण वरच्या पोरांनाही तसंच वाटतंय, मग म्हटलं वाटू दे. फुकटचा चहा मिळतोय.’

‘साहेबांना काय सांगितलंत?’

‘सांगितलं, माझ्याकडे पुरावा मागू नका, मला धड एक अर्ज लिहिता येत नाही. मग म्हणाले, तुम्ही नाही तर दुसरं कोण? खोलीत दोघंच तर आहात.’ मिशाकाका हसले. ‘मी म्हटलं, आमच्या बाई? छे हो. त्या कुणाच्या अध्यात ना मध्यात. साहेबही हसले. म्हणाले, ते खरंच.’

तीही हसली. आठ दिवसांची धास्ती आता जायला हवी होती... नोकरी वाचली, कुणाला संशयसुद्धा नाही. पण संशयसुद्धा नाही, हे काहीतरी भलत्याच ठिकाणी जाऊन लागलं. आपण इतक्या नसल्यातच जमा आहोत का, की आपल्या हातून काही झालं असेल असंही कुणाला वाटू नये? मिशाकाका चांगले आहेत. त्यांनी तिला वाचवलं होतं, आणि त्यांचा राग येत होता.

तिने पुढचा कॉल लावला. होल्ड आला. शांतता. दुसरा कॉल, होल्ड, शांतता. नाक शिंकरणाराही नाक ओढून गप्प बसला होता. त्या लेखानंतरचे हे सगळे दिवस असेच. वरच्यांनी तोंडाला कुलूप घातलं होतं. लिहिताना हे कसं आपल्या ध्यानात आलं नाही? सगळ्यांच्या भल्याचं लिहिलं, बरोबरच लिहिलं, एक अक्षर खोटं नाही... आणि आपल्याच हाताने आपलं भरलेलं घर रिकामं करून बसलो. हे कुणाला सांगायचीही सोय नाही. सांगणार काय, की तुमच्या चोरून ऐकलेल्या बोलण्यावर मी जगत होते, आणि ते गेलं म्हणून मला करमत नाही?

मग गुणगुणीचा कॉल आला. एक म्हातारे गृहस्थ, मशीनमधून पाणी गळतंय. तिने थांबायला सांगितलं. बटणाचा टक् आवाज. शांतता. ती डोळे मिटून वाट पाहत राहिली, सूर येतो का, अर्धा तरी. खुर्ची कुरकुरली. आणि मग अगदी जवळून, एकेक शब्द तोडून आवाज आला.

‘जो कोण कान लावून बसलाय ना, त्याला सांगते. माझ्या आईचं ऐकलंस. माझं रडणं ऐकलंस. लाज नाही वाटली, मेल्या? आता बस, ऐक.’

आणि पुढे काहीच नाही. गुणगुणी गेली नव्हती. तिचा श्वास ऐकू येत होता, मुद्दाम धरून ठेवलेली ती शांतता ऐकू येत होती.

ऐकणारीचे कान हेडफोनखाली तापले. लाज वाटली, खरंच वाटली, तिथल्या तिथे उठून निघून जावंसं वाटलं. ‘हो,’ ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली असावी.

‘काही म्हणालात?’ मिशाकाकांनी पेपरमागून विचारलं.

‘नाही.’

नियमाप्रमाणे हा कॉल वर कळवायचा होता. तिने तो कळवला नाही. पूर्ण गुण देऊन टाकले, आणि या खेपेस भीतीबिती काही वाटली नाही, कारण गुणांकडे तिचं लक्षच नव्हतं. कॉल मागे नेऊन ती पुन्हा ऐकत होती. ‘त्याला सांगते’... म्हणजे मला. मला सांगते. एवढ्या सगळ्या वर्षांत इतके आवाज या कानांतून गेले, त्यातला एकही माझ्यासाठी नव्हता, आणि हा होता, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, नुसता माझ्यासाठी. तिने तो तिसऱ्यांदा लावला. उद्या आजचे कॉल येतील तेव्हा त्यात गुणगुणीने पुन्हा बोलावं, यापेक्षा घाणेरडं बोलावं, वाटेल त्या शिव्या द्याव्यात, पण द्याव्यात, असं तिला अगदी मनापासून वाटत होतं.