थंड इंजिनाचा गरम काटा

गॅरेजात येणारा माणूस खोटं बोलतो, हे मी धरूनच चालते. "मॅडम, गाडी नुसती उभी होती, आपोआप बिघडली." आपोआप काही होत नसतं. कुणीतरी ती गुडघाभर पाण्यातून नेलेली असते, नाहीतर ओळखीतल्या कुणाकडून फुकटात वायर जोडून घेतलेली असते. मीटर लावला की सगळं बाहेर पडतं. गाड्यांचं वायरिंग हा माझा धंदा. मामाने शिकवला, आईचा धाकटा भाऊ. गॅरेजही त्याचंच. तो म्हणतो, "तुझा हात चांगला आहे, पण स्वभाव पोलिसाचा आहे." मी म्हणते, म्हणूनच हात चांगला आहे.

आमची स्वतःची गाडी जुनी आहे आणि बहुतेक वेळ घराखाली उभी असते. गॅरेज दोन गल्ल्यांवर, त्यामुळे मी चालतच जाते. लांब कुणाची गाडी अडकली की घरी यायचं, दाराजवळच्या खिळ्यावरची किल्ली घ्यायची आणि निघायचं. नवरा दिवसभर घरीच असतो. पुस्तकांची प्रुफं तपासतो. माणूस इतका गप्प, की शेजाऱ्यांना वाटत असेल मी एकटीच राहते आणि स्वतःशीच भांडते.

एका दुपारी मी अशीच गाडी घ्यायला आले. आदल्या दिवसापासून ती जागची हललेली नव्हती, निदान माझ्या माहितीप्रमाणे. किल्ली फिरवली आणि बघते तर तापमानाचा काटा मध्यावर. थंड इंजिनाचा काटा तळाला हवा. मध्यावर म्हणजे गाडी नुकतीच कुणीतरी फिरवून आणली आहे. वर रेडिएटरचा पंखाही घरघरायला लागला, तो तर इंजिन चांगलं तापल्याशिवाय फिरत नाही. मनात शंकेची पाल चुकचुकली. तरी मी काही बोलले नाही. लगेच बोलायचं नसतं, आधी पुरावा जमू द्यायचा.

पुढच्या खेपेला तेच. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. मधल्या काळात मी डोळ्यांत तेल घालून घरात बघत होते. त्याला प्रकाशनातल्या एका बाईंचा फोन येतो आणि फोनवर तो हसतो. माझ्याशी बोलताना हसायला त्याला सवड होत नाही. एकदा त्याचा शर्ट मधल्या वेळी बदललेला दिसला. विचारलं तर म्हणाला, चहा सांडला. चहा. कुठेतरी पाणी मुरत होतं, एवढं नक्की.

शेवटी मी विचारलं. "गाडी कुठे नेली होतीस?"

"मी? कुठेच नाही."

"मी काटा बघितलाय. एकदा नाही, तीनदा."

"अगं, नाही नेली."

"काटा खोटं बोलतो का? पंखा खोटं बोलतो?"

त्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत घातला. "बरं. नेली होती."

"कुठे?"

"नदीपर्यंत."

"कोणाबरोबर?"

"एकटाच."

"काय केलंस तिथे?"

"बसलो."

"कुठे? गाडीत?"

"बाहेर. कट्ट्यावर."

तळपायाची आग मस्तकात गेली. भर दुपारच्या उन्हात कट्ट्यावर एकटा बसायला कोण जातं? आणि हे सगळं तो इतक्या सरळ आवाजात सांगत होता, जणू पाठ करून ठेवलं असावं. मी आत गेले, बॅग भरली. कपडे, दात घासायचा ब्रश, माझा मीटर. तो दारापर्यंत आला, पण थांब म्हणाला नाही. तेही मी मनात टिपून ठेवलं. ज्याला बायको हवी असते तो निदान बॅगेला तरी हात घालतो.

गाडी गॅरेजात आणून लावली तेव्हा मामा पाने पुसून ठेवत होता. "माळ्यावरची खोली रिकामी आहे ना?" मी विचारलं. त्याने बॅगेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आधी जेवून घे." जेवता जेवता मी त्याला सगळं सांगितलं. उद्या वकिलाकडे जाणार, असंही सांगितलं. मला वाटलं तो समजावणीला बसेल, पण त्याने नुसतं ताट उचललं. त्यानंतर शटर ओढलं, कुलूप घातलं. गाडीची किल्ली माझ्या खिशात होती.

सकाळी पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत गाडी बाजूला घ्यायची म्हणून मी किल्ली फिरवली. काटा सरळ मध्यावर येऊन थांबला. पंखा घरघरायला लागला.

खरं सांगते, क्षणभर मला मामाचाच संशय आला. शटरची दुसरी चावी त्याच्याकडे असते. पण गाडीची किल्ली तर माझ्याच खिशात, झोपतानाही होती. मी तशीच बसून राहिले. मामा चहाचा पेला घेऊन आला, पंख्याचा आवाज ऐकून थबकला, बॉनेट उघडलं आणि इंजिनातलं पाणी नेणाऱ्या वरच्या जाड रबरी पाइपावर तळहात ठेवला.

"थंडगार आहे," तो म्हणाला. "ये, हात लाव."

आधी हात, मग मीटर. ही आमच्या गॅरेजची रीत. तापमानाची तक्रार घेऊन कुणी आलं की आधी पाइपाला हात लावून बघायचा आणि मगच काट्यावर विश्वास ठेवायचा. मी हे गिऱ्हाइकांना ओरडून ओरडून सांगत असते. आणि घराखाली तीनतीनदा काटा बघितला, पण बॉनेट एकदाही उघडलं नाही. काटा मला हवं तेच सांगत होता. मग हात कशाला लावायचा?

मी पाइपाला हात लावला. थंड होता. माझेच हात गरम होते.

त्यानंतर मी जे केलं ते रोजच्या सवयीने केलं, म्हणून जमलं. गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारा स्कॅनर जोडला. बाहेरच्या हवेचं तापमान बरोबर दाखवत होता आणि इंजिनाच्या पाण्याचं अठ्ठ्याण्णव, म्हणजे जवळजवळ उकळतं. असं दिसलं की शिकाऊ माणूस म्हणतो सेन्सर गेला, आणि नवा घालून मोकळा होतो. मी सेन्सरची पिन काढली. सेन्सर खराब असेल तर पिन निघताच आकडा धाडकन शून्याच्याही खाली जायला हवा, कारण सांगणाराच उरला नाही. आकडा किंचित उतरला आणि तिथेच राहिला. म्हणजे सेन्सरला बोलूच दिलं जात नव्हतं. त्याच्याऐवजी वाटेत दुसरंच कुणीतरी उत्तर देत होतं. सुट्या सेन्सरला मीटर लावून बघितलं तर बिचारा अगदी ठीक होता. थंड होता आणि थंडच सांगत होता.

मग मी वायर हाताने चाचपत निघाले. इंजिनावरून, नळीच्या आतून, बॅटरीच्या खाली. बॅटरी तिच्या वायरी न काढताच उचलून बाजूला टेकवली. खाली गळलेल्या ॲसिडने वायरचं आवरण खाल्लेलं होतं आणि उघडी तार पत्र्याला टेकली होती, मध्ये हिरवट खपली. गरम सेन्सरमधून जावा तसा थोडा करंट त्या खपलीतून पत्र्यात झिरपत होता, आणि कॉम्प्युटर समजत होता की इंजिन तापलंय. तार पत्र्यापासून उचलली. स्कॅनरवरचा आकडा पडला, पिन परत लावली तसा हवेच्या तापमानाशी येऊन थांबला. पंखा बंद झाला.

"सुटले जावईबापू," मामा म्हणाला.

मी हसले. गाडी हललीच नव्हती. त्याने काही केलं नव्हतं. मी वायर कापून नवा तुकडा जोडला, टेप गुंडाळली आणि गुंडाळता गुंडाळता हात थांबला.

गाडी नेलीच नाही, तर नदी कुठून आली? कट्टा कुठून आला?

परत पाल चुकचुकली. आणि या वेळी जास्त जोरात, कारण आता तर तो स्वतःच्या तोंडाने खोटं बोलल्याचा पुरावा होता. नदीचा बहाणा करून माणूस काय लपवत असेल? चालत गेला असेल. रिक्षाने गेला असेल. नाहीतर ती बाई घरीच आली असेल.

"जाते विचारायला," मी म्हणाले.

"जा," मामा म्हणाला. "पण उत्तर मिळालं की गप्प बस. तेवढं कर."

घरी तो टेबलाशीच होता, पेन्सिल हातात. काल जेवला नसावा, ओटा कोरडा होता. मी दारातच उभी राहून म्हणाले, "गाडी कुठेच गेली नव्हती. वायर खराब होती."

"मला माहीत आहे."

"तुला माहीत आहे. मग नदी?"

"नदी तू विचारलंस म्हणून सांगितली."

"मी नदी कधी विचारली?"

"कुठे, असं विचारलंस. काहीतरी सांगायला हवं होतं." त्याने पेन्सिल खाली ठेवली. "आधी मी नाही म्हणालो होतो. दोनदा म्हणालो. नाही हे तू ऐकूनच घेत नाहीस. हो ऐकेपर्यंत विचारत राहतेस. नाही म्हटलं की बोलणं बंद करतेस, जेवत नाहीस, भिंतीकडे तोंड करून झोपतेस. हो म्हटलं की रागावतेस, ओरडतेस, पण मग जेवतेस. म्हणून हो म्हणतो."

"कधीपासून?"

"बरेच दिवस झाले."

मला एकेक आठवायला लागलं. "माझं घड्याळ तू हरवलंस, ते?"

"मी नाही. मला माहीत नाही कुठे गेलं."

"माझ्या आईला फोन करून माझी तक्रार केलीस, ते? त्यावरून मी तिच्याशी बोलायची थांबले."

त्याने मान हलवली, नाही अशी.

मी खुर्चीत बसले. इतकी वर्षं मी या माणसाला उलटंपालटं तपासत होते आणि दर वेळी बरोबर निघत होते, याचा मला केवढा गर्व होता. मला रडू आलं, आणि ते लपवावंसंही वाटलं नाही. तो उठून जवळ आला नाही. पण पेन्सिलही उचलली नाही.

"मी परत येऊ?" मी विचारलं.

"हो," तो लगेच म्हणाला.

इतक्या लगेच, की मी मान वर करून बघितलं. चेहरा तसाच होता, मऊ आणि दमलेला. हे हो खरं आहे की माझ्या जेवणासाठी आहे, ते काही केल्या मला ओळखता येईना. त्याला लावायला माझ्याकडे मीटर नव्हता.

"नाही म्हणालास तरी चालेल," मी म्हणाले. "मी जेवेन. आईला फोन करेन. खरंच."

त्याने समोरचे कागद एकेक करून गोळा केले, एकसारखे केले. खाली कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती काही होत नव्हती.

"मग थोडे दिवस नको," तो म्हणाला. "थोडे दिवस तू तिकडेच राहा."

का, हा शब्द अगदी ओठांवर आला होता. तो मी गिळला आणि जिना उतरले.