मगरीच्या वाटेवरचा आमदार

मित्रांनो, मी एक जुनी लांब होडी आहे. आता लांबघराखाली, म्हणजे अख्खं गाव एका छपराखाली राहतं त्या खांबांवरच्या घराखाली, पालथी पडलेली असते, नि माझ्या सावलीत कोंबड्या अंडी घालतात. पण बोर्निओ बेटावरच्या सारावाक राज्यातल्या या नदीवर एके काळी माझ्याशिवाय निवडणूक होत नसे.

मेरिंगाईने मला स्वतः घडवलं, फटींत राळ भरली. माझ्यातूनच गावोगाव हिंडून तो राज्याच्या विधानसभेत गेला. तेव्हा काठावरचे लोक माझी पाठ थोपटत. जो थोपटे त्याच्याकडे बघून मी मनात म्हणे, ह्याला कुठे जायचं असेल? पुढे मेरिंगाईला सरकारी लाँच मिळाली, शहरात घर मिळालं. मी शहराच्या धक्क्यावर उन्हात तडकत राहिले.

मग पुढच्या निवडणुकीत तो पडला. खुद्द त्याच्या लांबघराच्या मतपेटीतही तो मागे होता. लाँच गेली, तेव्हा मी आठवले. फितूर कोण, ते हुडकायला तो माझ्यातून घरी निघाला. निघण्याआधी त्याने माझ्या तळाला कुणी भोक पाडलंय का ते चाचपलं, इंजिनातल्या तेलाचा वास घेतला. मलाच त्याचा संशय आला. मला घडवणारा तो हाच का?

आम्ही पोचलो. लांबघराच्या ओसरीवरचं बोलणं काठावर मला ऐकू येतं. थोरल्या बहिणीने, तिंदिनने, बांबूत शिजवलेला भात नि मासा पुढे ठेवला.

"कुणी रांधलंय हे?" त्याने विचारलं.

आमच्यात पुढे आलेलं अन्न खायचं नसेल, तर निदान त्याला बोट लावून उठतात. न शिवता निघालेल्याला वाटेत मगर गाठते, हे पोराटोरांनाही ठाऊक. तो मात्र तसाच ताडताड खाली आला नि माझी दोरी सोडू लागला.

तिंदिन ताट घेऊन धावली, कमरभर पाण्यात शिरली. "बोट लाव!"

"आधी सांग ताई, मत कुणाला दिलंस?"

"तुझ्या विरुद्ध! निवडून गेल्यापासून तोंड दाखवलंस का?"

"मग हा भात कशाला?"

"अरे टोणग्या, आमदाराला पाडायचं होतं. मगरीला भाऊ नव्हता द्यायचा!"

ओसरीवरून कुणीतरी ओरडलं, "मगर नाही खायची त्याला, शहरात राहून बेचव झालाय!"

तो हसला नाही. हात पुढे केला, मागे घेतला. प्रवाहात तिचे पाय सरकत होते, तरी ताट तिने वरच धरलं होतं. अखेर त्याने भाताला बोट टेकवलं. ते चाटलं. मग माझ्या फळीवर बसून सगळं जेवला. माशाचा प्रत्येक घास मात्र उलटून पाहिला; संशय काही एका जेवणाने जात नाही.

मग त्याने माझी दोरी पुन्हा काठाला बांधली. तो आता इथेच राहतो. माझ्या फटींत राळ भरतो म्हणतो, अजून भरलेली नाही. माजी आमदाराचंच आश्वासन ते!

पण मित्रांनो, जाता-येता तो माझ्या पाठीवर हात ठेवतो. आता त्याला कुठेही जायचं नसतं. तुमच्याही दारात असं काही जुनं पडलं असेल. वापरणं जमलं नाही, तर निदान हात लावून पुढे जा.