चिंध्या कोंबलेली घुंगरमाळ

मी बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ बोलतेय. वर्षभर तोंडात चिंध्या होत्या, म्हणून आवाज जरा चढलाय; चालवून घ्या.

सिरसाळ्याच्या शहादेवाने मला ओतवून घेतलं, ते बैलांच्या हौशीसाठी नव्हे. धाकटी बहीण रुक्मिणी लांब पालीला दिलेली. दर पंचमीला तो बैलगाडी जुंपून, मुराळी होऊन तिला माहेरी न्यायला जाई. बिंदुसरा नदीपलीकडून माझा आवाज आला, की ती पिठाच्या हातांनीच दारात येई.

शहादेव तापाने गेला. त्याचे चुलते मुंजाजीनाना यांनी तेराव्याच्या आतच माझ्या एकेका घुंगरात चिंधी कोंबली. म्हणे दुखवटा! त्या घरात वर्षभर भांडणं वाजली, वर्षश्राद्धाच्या पंगतीत आमटीचे भुरके वाजले. मुकं राहायचं ते मी आणि रुक्मिणीबाईने. श्राद्धाला आलेली ती रडू लागली की कुणीतरी म्हणे, "पुरे गं आता. वर्स झालं."

श्राद्ध उरकून तीच गाडी तिला पालीला पोचवायला निघाली. रस्ता दोन दिवसांचा. हाकायला नाना.

"नाना, चिंध्या काढा की. दादाचा तेवढाच आवाज राह्यलाय."

"खुळी का काय? श्राद्धाची गाडी हाय, वरात न्हाई. लोक काय म्हनतील?"

लोक म्हणजे कोसभर माळरान आणि एक टिटवी.

वडवणीच्या अलीकडे निजामाचा शिपाई आडवा आला. "घुंगरू का मुँह कायकू बांधे रे? गाडी चोरी की है क्या?"

"न्हाई सरकार, ते दुखवट्याचं..."

"खोल!"

बाईचं दिवसभराचं रडणं नानांना ऐकू आलं नव्हतं. शिपायाचा एक शब्द लगेच आला. चिंध्या भराभर बाहेर पडल्या. रुक्मिणीबाईने त्या ओच्यात बांधल्या. शिपाई दिसेनासा झाल्यावर नानांनी हात पुढे केला, तर म्हणाली, "आता सरकारलाच मागा."

बैल चालले, मी वाजू लागले, आणि ती वर्षात पहिल्यांदा मोकळी रडली. नानांचं "पुरे गं" माझ्या आवाजात कुठे बुडालं, ते त्यांनाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पालीत शिरलो. शेजारची छबुबाई चुलीपाशी होती. तिथूनच सवयीने ओरडली, "रुक्मे, ऊठ गं! भाऊ आला तुजा!"

मग बाहेर येऊन पाहते तर रुक्मिणी गाडीत. छबुबाईने तोंडाला पदर लावला. नाना घाईघाईने मला धरायला वाकले.

"ऱ्हाऊ द्या नाना," रुक्मिणीबाई म्हणाली. "आला म्हनाली ना ती? आयकू द्या मला."

तिने मला ठेवून घेतलं. आता मी तिच्या दारामागच्या खुंटीवर असते. पंचमीला ती मला एकदा हलवते. माणूस गेल्यावर कुणाला गप्प करायचंच असेल, तर कृपा करून पंगतीपासून सुरुवात करा. मला हात लावाल, तर वाजेन.