भेंडी राहीची, आणली देवकीने

मी अ‍ॅडॅप्टर बोलतोय. नाव ऐकून चार्जर शोधू नका. मला ना वायर, ना पिन. मी एक छोटासा प्रोग्राम आहे आणि वैशाखरे गावच्या भेंडी संकलन केंद्रातल्या संगणकात राहतो. इथली नोंद परदेशात माल धाडणाऱ्या कंपनीच्या मोठ्या सिस्टीमपर्यंत पोचवायची, एवढंच माझं काम.

एवढंच म्हटलं खरं, पण काम नाजूक आहे. मुरबाडच्या साईनाथने मला लिहिलं तेच जपून. केंद्रावरची नम्रता नोंद करते, ‘राही, टेकाडाखालचं शेत, कवळी भेंडी’. मोठ्या सिस्टीमला यातलं काही उमगत नाही. तिला शेताचा क्रमांक लागतो, मालाचा कोड लागतो, तारीखसुद्धा तिच्याच पद्धतीची लागते. मी सगळं तिच्या भाषेत मांडून पाठवतो आणि पोच येईपर्यंत नोंद हातची सोडत नाही. नेट गेलं तर थांबतो, आलं की पुन्हा पाठवतो. मात्र सिस्टीमने नकार दिला, तर हट्ट धरत नाही. नोंद कारणासकट नम्रतापुढे ठेवतो. तिथून पुढे माणसाचं काम.

गेल्या माघात असाच नकार आला. गावातली शेतकरीण देवकी सकाळी आपली भेंडी देऊन गेली होती, ती दुपारी पुन्हा क्रेट घेऊन आली. नम्रताने सवयीप्रमाणे काट्यावर माल ठेवणारीचं नाव लिहिलं. मी ते पाठवलं. उत्तर आलं, या शेतातून एका दिवसात एवढा माल निघू शकत नाही.

टेम्पोवाला किशोर दारात खोळंबला होता. मंजुरीशिवाय क्रेट कंपनीच्या फाटकातून आत जात नाहीत.

“वजन कमी कर नी धाड,” तो म्हणाला. “कोन बघतंय?”

मी बघत होतो, पण मला तोंड कुठे आहे?

नम्रताने मात्र वजनाला हात लावला नाही. “मावशे, एवढी भेंडी तुझ्याच शेतातली?”

“माझी कशाला गो? राहीची हाय. ती तापानं पडलीय. आज आमी तिच्या शेतात सावड केली. मी निस्ती आणली.”

सावड म्हणजे आज सगळ्यांनी मिळून एकीच्या शेतात राबायचं, उद्या दुसरीच्या. राहीचं कंपनीकडे हे पहिलंच वर्ष. पहिल्या तोडणीचा माल द्यायचा तो शेवटचा दिवस होता. तिच्या नावावर माल लागला नाही, तर तिचं शेत कंपनी कायमचं वगळणार होती. नम्रताने हे सांगताच देवकीचा चेहरा उतरला.

“माझ्या नावावर नको गो. तिचं तिला लागू दे.”

नम्रताने नाव बदललं आणि नेमकं नेट गेलं. माळशेजकडून वारा सुटला की ते जातंच. किशोरने टेम्पो चालू करून ठेवला. देवकी काट्याला टेकून उभी राहिली, घरी काही गेली नाही. मी पाठवत राहिलो, पाठवत राहिलो. शेवटी पोच आली, मंजूर. मला फार आनंद झाला. किशोरने स्वतः क्रेट चढवले.

नंतर नम्रताने साईनाथकडून एक रकाना वाढवून घेतला, ‘कुणी आणली’.

“कंपनीच्या सिस्टीममधी त्याला जागाच नाय,” साईनाथ म्हणाला.

“नसू दे. आपल्याकडं असू दे.”

एकाचं दुसऱ्यापर्यंत नीट पोचवतो, याचा मला मोठा तोरा होता. या बायका तेच काम उन्हातून, डोक्यावर क्रेट घेऊन करतात आणि पोचही मागत नाहीत. तेव्हापासून माझा तोरा उतरला.

आता कंपनी सिस्टीम बदलते आहे. नवा अ‍ॅडॅप्टर येईल, मी पुसला जाईन. तक्रार नाही. साईनाथ, एवढंच कर. तो रकाना बिनकामाचा म्हणून टाकू नकोस. त्यात नम्रताने त्या दिवसाची नोंद मागाहून भरली आहे, भेंडी राहीची, आणली देवकीने. तिच्या खालचीही वाच. राही तापातून उठल्यावरची आहे. भेंडी देवकीची, आणली राहीने.